एकदाच गाळलेलं

जिथे काहीच दिसायला नको, नेमकं तिथे मंगळवारी सकाळी सव्वानऊला मॉर्व्हन गॅलब्रेथला एक उंचवटा दिसला.

तसा तो उंचवटा म्हणावा एवढाही नव्हता. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती, मध्येच तिने जरा पाठ वर केली आणि पुन्हा आडवी झाली, एवढंच. दुसऱ्या कुणी पडद्यावरची धूळ समजून सोडून दिलं असतं. मॉर्व्हनने आधी चष्मा पुसला. मग काचेची बारीक नळी यंत्रातून काढून पुसली, परत घातली आणि परत रेघ काढायला लावली. चार मिनिटं ती नख खात उभी राहिली. रेघ आली. उंचवटा जागच्या जागी होता.

जगातल्या बहुतेक लोकांना काही दिसलं की आनंद होतो. मॉर्व्हनच्या धंद्यात काही दिसेनासं झालं की केक आणतात. औषधाच्या रेणूत कार्बनचं सहा कोपऱ्यांचं कडं असतं आणि त्या कड्याला हायड्रोजन लटकलेले असतात. ते काढायचे आणि त्यांच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच दुप्पट वजनाचा भाऊ, बसवायचा, हे तिचं काम. औषध तेच राहतं, गुण तोच राहतो, फक्त वजन तेवढं वाढतं. या यंत्राला साधा हायड्रोजन दिसतो, जड भाऊ दिसत नाही. म्हणून काम फत्ते झालं की त्या जागी रेघ सपाट. सहा वर्षं तिची भाकरी या सपाट रेघेवर चालली होती आणि सहा वर्षांत रेघेने तिला कधी दगा दिला नव्हता.

नळीत होतं ते फिट्सवरचं औषध. लहान मुलांना देतात ते. मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिने त्याचा एक घाणा काढला होता. त्याची एक कुपी नदीपलीकडच्या मुलांच्या हॉस्पिटलला गेली आणि एक इथल्या फ्रिजमध्ये राहिली. प्रत्येक घाण्यातली एक कुपी मागे ठेवायची, असा इथला रिवाज. त्या कुपीला सगळे साक्षीदार म्हणतात. साक्षीदाराला सहसा कुणी काही विचारत नाही. आज नवा घाणा लावायचा म्हणून तिने सहज त्यातले चार थेंब काढले होते, आणि साक्षीदार उलटला होता.

तिने फाइल काढली. त्या शुक्रवारची रेघ कागदावर छापलेली होती. सपाट, इस्त्री केल्यासारखी. म्हणजे तेव्हा सगळं ठीक होतं. पंचवीस दिवस बंद कुपीत, बंद फ्रिजमध्ये औषध नुसतं बसून होतं आणि बसल्या बसल्या त्याचं ड्युटेरियम निघून चाललं होतं, साधा हायड्रोजन परत येत होता. असं आपोआप कधीच होत नाही. कड्यावर एकदा बसलेलं ड्युटेरियम वर्षानुवर्षं हलत नाही. हलवायला कुणीतरी लागतं.

ते कुणीतरी कोण, हे तिला माहीत होतं. मन ते नाव घ्यायला तयार नव्हतं, एवढंच.

औषध जड पाण्यात घालतात, त्यात चिमूटभर काळी पूड टाकतात आणि दोन दिवस ऊन ठेवून ढवळतात. ती पूड म्हणजे कोळशावर बसवलेला ऱ्होडियम धातू, म्हणजे उत्प्रेरक. पूड स्वतः काही देत नाही, काही घेत नाही, नुसती दलाली करते. कड्याचा हायड्रोजन पाण्याला देते, पाण्याचं ड्युटेरियम कड्याला. पण तिला कुणाची बाजू नसते. जड पाण्यात ठेवली तर औषध जड करते आणि साध्या अल्कोहोलमध्ये ठेवली तर तेच औषध गुमान हलकं करायला लागते. जिकडं खोबरं तिकडं चांगभलं. हॉस्पिटलला औषध साध्या अल्कोहोलमध्येच विरघळवून पाठवतात. म्हणून त्याआधी पूड गाळून काढायची, तीही एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा पांढऱ्या गाळण-मातीतून, दुसऱ्यांदा पिचकारीला लावलेल्या बारीक गाळणीतून, थेंब थेंब.

मॉर्व्हनने साक्षीदारातलं आणखी थोडं काढलं, टोकदार तळाच्या नळीत भरलं आणि गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवलं. दहा मिनिटांनी नळी काढून खिडकीशी धरली. वरचं द्रावण स्वच्छ होतं. अगदी तळाशी, टोकाला, काजळाच्या बोटाचा ठिपका लागावा तसं करडं काहीतरी होतं.

"टॅमचा केक," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं.

टॅम मॅकगार्वी एकतीस वर्षं इथला भांडारवाला. काचसामान, हातमोजे, वायूच्या टाक्या, सगळं त्याच्या ताब्यात. गाळायच्या टेबलावरची पाटीही त्याच्याच अक्षरातली: 'दोनदा गाळा, मग चहा.' मेच्या त्या शुक्रवारी तो निवृत्त झाला. इथे निरोपाच्या केकची एक रीत आहे. मजल्यावरचा शेवटचा माणूस खोलीत आल्याशिवाय सुरी लावायची नाही. उशिरा येणाऱ्याला सगळे मिळून सोलून काढतात आणि ते वर्षभर पुरतं. दुपारी तीन वाजता सत्तावीस माणसं केकभोवती उभी होती आणि अठ्ठाविसावी गाळत होती. पहिलं गाळणं झालं होतं. खाली उतरलेलं पाणी काचेसारखं दिसत होतं. दुसऱ्याला चाळीस मिनिटं लागली असती. तेवढ्यात खुद्द टॅम दारात आला.

"काय गं पोरी, माझी अंत्ययात्रा आहे का? वाट बघून बघून मेणबत्त्या वितळल्या. चल!"

ती गेली. जाताना नोंदीच्या कागदावर 'गाळलं' या शब्दापुढच्या दोन्ही चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. परत आल्यावर दुसरं गाळणं करायचंच होतं. परत आली तेव्हा साडेचार झाले होते, पोटात दोन तुकडे केक होता, कागदावर खुणा होत्या आणि कुरिअरवाला खाली हॉर्न वाजवत होता. खुणांनी तिलाच फसवलं. आपणच केलेल्या खुणा बघून तिला वाटलं, झालं की सगळं.

आता मात्र तिच्या डोळ्यांसमोर खुणा नव्हत्या, कर्स्टी होती.

मार्चमध्ये हॉस्पिटलने तिला बोलावलं होतं, आपली कुपी कुठे जाते ते बघायला. वॉर्डच्या बाहेर एक सात वर्षांची मुलगी निळं, गादीचं शिरस्त्राण घालून बसली होती. पडली तर डोकं फुटू नये म्हणून. "हे घोडेस्वारीचं आहे," तिने मॉर्व्हनला न विचारताच सांगितलं होतं. "घोडा आजारी आहे म्हणून मी इथे." तिची आई म्हणाली होती, औषधाचं माप बरोबर बसल्यापासून सहा आठवडे झाले, एकही फिट आली नाही. माप जास्त झालं तर मूल पेंगतं, कमी झालं तर फिट येते, आणि मधली वाट फार अरुंद असते. म्हणून दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं.

आणि ते तपासतात मॉर्व्हनच्या कुपीवर. मुलाच्या रक्तात मोजून जड औषध टाकायचं. यंत्र हलकं आणि जड वेगवेगळं ओळखतं आणि जडाच्या मानाने हलकं किती, ते सांगतं. नवी कुपी उघडली की त्या दिवशी एकदा मोजपट्टी आखून घेतात आणि ती संपेपर्यंत तीच चालते. आता कुपीतलं जडच जर रोज थोडं थोडं हलकं होत असेल, तर मुलाच्या रक्तात औषध आहे त्याहून जास्त दिसणार. डॉक्टर म्हणणार, जास्त झालंय, कमी करा. मग एक दिवस कर्स्टी जिन्यावर असेल, किंवा आंघोळीच्या टबात.

मॉर्व्हन नळी, आजची छापलेली रेघ आणि फाइल घेऊनच प्रमुखाच्या खोलीकडे धावली.

लॅकलन रेनी बेकन घातलेला पाव खात होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला कुठलीही बातमी पोट भरल्यावर आवडायची. त्याने नळी उजेडात धरली, रेघ पाहिली, पाव खाली ठेवला.

"हा उंचवटा? माझ्या मेहुण्याच्या टकलावर याहून मोठा आहे."

"लॅकलन, हॉस्पिटलला सांगायला हवं. आत्ता."

"काय सांगणार? किती टक्के गेलंय ते माहितीय का तुला?"

"नाही. पण जातंय."

"रेणूंचं वजन मोजायचं यंत्र गुरुवारी मोकळं होईल. गुरुवारी मोजू, नीट आकडा काढू आणि मग सांगू. नुसत्या संशयावर बोंब मारली तर ते आपले सगळे कागद मागतील." त्याने फाइल ओढली, बोटाने ओळी शोधल्या. "आणि हे बघ, तूच लिहिलंयस. गाळलं, दोन खुणा."

"खुणा दोन आहेत. गाळणं एकच आहे."

लॅकलनने दाढीला लागलेला सॉस पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"हे तू मला सांगितलंच नाहीस, असं समजू का?"

"सांगितलंय," मॉर्व्हन म्हणाली. "आणि गुरुवारपर्यंत मी थांबणार नाही. माझं बघू नका, त्या मुलांचं बघा."

"अगं, सात हॉस्पिटलं आपल्याकडून माल घेतात. उद्या सातही विचारतील की इतर खुणांचं काय."

"विचारू देत. बरोबरच आहे त्यांचं."

त्याने पाव परत उचलला. हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही, आणि मॉर्व्हनने तेवढ्यावरच फोन उचलला.

हॉस्पिटलच्या तपासणी-खोलीत सेंगा डॉकर्टी होती. एकसष्ट वर्षांची, तोंडाने फटकळ, हाताने सोनाराइतकी नेमकी. सहा वर्षं मॉर्व्हनची प्रत्येक कुपी सेंगानेच उघडली होती. ती फोन दुसऱ्या घंटेला उचलायची आणि "बोल पोरी, आता काय मोडलंस?" असं विचारायची. आज पंधरा घंटा वाजल्या. उचलला तो एका अनोळखी माणसाने.

"मी क्रेग. सेंगा आता रक्त मोजत नाही."

"मोजत नाही म्हणजे?"

"निवृत्ती घेतली ना तिने. येत्या शुक्रवारी शेवटचा दिवस. उद्यापासून मोजणं माझ्याकडे."

"हे बघा, मेच्या कुपीबद्दल बोलायचंय. ती वापरू नका. तिच्यात..."

"कुपी ठीक आहे की. परवाच मी वही पाहिली, सगळं हद्दीत आहे. मला लेखी पाठवता का? साहेबांना दाखवतो. ते सोमवारी येतील."

हद्दीत आहे, हे ऐकून तिला जास्तच घाम फुटला. हद्द पंधरा टक्क्यांची. पंधरापर्यंत कुणी भुवईसुद्धा उचलत नाही. आणि जिने उचलली असती, ती सेंगा चालली होती. नेमकी आत्ताच कशी चालली? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मॉर्व्हनला वाटलं, हेही कुठेतरी आपल्याच कुपीतून निघालंय. मग तिने स्वतःला झापलं. जगातलं सगळंच काही तुझ्या कुपीतून निघत नाही, बाई.

तिने फ्रिजमधून नोव्हेंबरचा साक्षीदार काढला. तो दोनदा गाळलेला होता. हे तिला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी कुणाचाच केक नव्हता. तरी तिने त्यातलंही थोडं फिरवून पाहिलं. तळ स्वच्छ होता. मग रेघ काढली. रेघ सपाट होती. कुपी लोकरीच्या टोपीत गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, नोंदीचा कागद दुसऱ्या खिशात घातला आणि ती बस पकडायला पळाली.

बस पुलाआधी अडकली. पुढे कुठलंतरी खोदकाम होतं. मॉर्व्हन खिशावर हात दाबून बसली होती आणि मनात हिशोब चालू होता. पंचवीस दिवस, किती मुलं, दर पंधरा दिवसांनी, म्हणजे प्रत्येकाचं एकदा तरी झालंच असणार. कर्स्टीचंही. कमी केलेला डोस किती दिवसांत रक्तात उतरतो? चार? पाच? म्हणजे आज मंगळवारी ती कुठे असेल?

शेजारच्या म्हातारीने तिच्याकडे वाकून पाहिलं.

"काय आहे गं खिशात? अंडं आहे का?"

"नाही. काच आहे."

"मग एवढं दाबू नकोस, फुटेल. आणि तोंड मिट, माशी जाईल." म्हातारीने पिशवीतून एक पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवली. "ज्याला भेटायला चाललीस ना, तो काही तुला खाणार नाही."

खाल्लं तर बरं होईल, मॉर्व्हनच्या मनात आलं. तिने गोळी तोंडात टाकली आणि चव न घेता चावून गिळली.

तपासणी-खोली हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईच्या शेजारी. सेंगा नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. शिकाऊ माणसाला देतात ते काम. तिच्या उजव्या अंगठ्याला करड्या रंगाचा जाड पट्टा बांधलेला होता. मॉर्व्हनला बघून तिने भुवया उंचावल्या.

"अरे वा! केक शुक्रवारी आहे, तू मंगळवारीच आलीस? भुकेली आहेस का?"

"सेंगा, मुलांचे डोस. कर्स्टीचा डोस. कमी केलाय का?"

"तुला काय करायचंय कर्स्टीच्या..."

"सांगा ना! कमी केलाय?"

सेंगाने चिठ्ठ्यांची गुंडाळी खाली ठेवली. "नाही केला. बस खाली. काय झालंय?"

मॉर्व्हन बसली नाही. बसली असती तर बोलता आलं नसतं. तिने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. उंचवटा, करडा ठिपका, केक, दोन खुणा, एक गाळणं. आपली कुपी रोज थोडी थोडी खोटी होत चाललीय आणि तिच्यावर मोजलेलं प्रत्येक रक्त जास्त दाखवतंय, हेही सांगितलं. सांगताना ती सेंगाच्या तोंडाकडे बघत होती आणि आता शिवी येईल, मग येईल, अशी वाट पाहत होती. शिवी आलीच नाही. सेंगाचं तोंड अर्धवट उघडं राहिलं आणि ती हळूच स्टुलावर टेकली.

"परत सांग," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं?"

"हो."

"पहिल्या आठवड्यात दोन टक्के. मग चार. मग सहा, सात."

"तुम्हाला कसं माहीत?"

सेंगाने खण उघडला आणि एक शाळकरी वही काढून पुढे सरकवली. तपासणी-खोलीत रोज सकाळी एक ओळखीचं रक्त मोजतात. त्याचा आकडा शंभर यायला हवा, हे आधीपासून ठाऊक असतं. सेंगा ते आकडे स्वतःच्या वहीत पेन्सिलने उतरवायची. एकशे दोन. एकशे दोन. एकशे तीन. एकशे चार. खाली खाली आकडे चढत गेले होते. शेवटची ओळ गेल्या सोमवारची होती: एकशे सात.

"साहेब म्हणाले, हद्दीत आहे, चालू द्या," सेंगा म्हणाली. "मला चालवेना. गेल्या सोमवारी कर्स्टीचं रक्त आलं. आकडा वरचा आला. डॉक्टरीणबाईंनी डोस कमी करायचा कागद लिहिला सुद्धा होता. मी वर गेले आणि म्हटलं, बाई, थांबा. हा आकडा धरू नका."

"का म्हणून सांगितलंत?"

"का म्हणजे? मला जे खरं वाटत होतं तेच सांगितलं. माझा अंगठा गेलाय. हिवाळ्यापासून दुखतोय. पिचकारी दाबताना कमीजास्त होत असणार. म्हटलं, माझ्या हातच्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नका, सगळं रक्त एडिंबरोला पाठवा. तिथे त्यांची कुपी वेगळी, हात वेगळे. तेव्हापासून अकराही मुलांचं रक्त गाडीने तिकडे जातं. कर्स्टीचा तिथला आकडा बरोबर आला. डोस होता तोच आहे. काल आली होती, ते निळं टोपडं न घालता. घोडा बरा झाला म्हणे."

मॉर्व्हनने टेबलाची कड धरली. सकाळपासून अडकलेला श्वास सुटला आणि त्याच्यासोबत रडूही आलं, तिने ते थांबवलं नाही. मुलं ठीक होती. कर्स्टी ठीक होती. थोडा वेळ दुसरं काही तिच्या डोक्यात मावेना. मग मावलं.

"म्हणजे तुम्ही निवृत्ती..."

"ज्या हाताचा भरवसा नाही, त्याने लेकरांचं रक्त मोजायचं का? त्याच दिवशी अर्ज दिला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी क्रेगला नेमला. त्याचा अंगठा धडधाकट आहे, तेव्हा उद्यापासून एडिंबरो बंद. मोजणं परत इथे, याच कुपीवर."

उद्यापासून. आणि लॅकलन म्हणाला होता, गुरुवारी बघू.

"सेंगा, मला एक फोन का नाही केलात? आकडे चढताहेत, कुपी बघ, एवढं म्हणायचं होतं."

"कुपी बघ?" सेंगा खरंच चकित झाली. "तुझी कुपी? पोरी, सहा वर्षांत तुझी कुपी एकदा तरी चुकली का? हे यंत्र चुकतं, मी चुकते, एकदा तर भिंतीवरचं घड्याळ चुकलं होतं. तुझी कुपी नाही. एका बाजूला ती आणि एका बाजूला एकसष्ट वर्षांचा अंगठा. मी कुणावर संशय घेणार?"

हे ती मॉर्व्हनला टोचावं म्हणून बोलली नव्हती, म्हणूनच ते फार टोचलं. पंधरा-वीस दिवस ही बाई रोज सकाळी आकडा बघून आपल्याच हाताला शिव्या घालत होती. तिने स्वतःवर संशय घेतला म्हणून अकरा मुलं वाचली. आणि मॉर्व्हनने त्या शुक्रवारी स्वतःवर मिनिटभरही घेतला नव्हता. दोन खुणा केल्या आणि केक खाल्ला. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने टोपीतून कुपी काढली.

"ही नोव्हेंबरची. दोनदा गाळलेली, आज सकाळी परत तपासलीय. माप तेच आहे. ओळखीचं रक्त हिच्यावर मोजा."

"क्रेगला सांगते."

"क्रेग नाही. तुम्ही."

"मी मोजत नाही आता, सांगितलं ना."

"सेंगा, मोजा. हात जोडते."

सेंगाने कुपी घेतली, उजेडात धरली, सवयीने तळ पाहिला. मग अंगठ्याचा पट्टा सोडला. खालची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती. तिने बोटं दोन-चारदा उघडमीट केली, पिचकारी उचलली आणि रक्त घेतलं, कुपीतलं घेतलं, मिसळलं. नळी यंत्रात ठेवली. बारा मिनिटं लागतात. दोघी पडद्यासमोर उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं घुमत होती.

शंभर पूर्णांक तीन.

"लागला एखादा," सेंगा म्हणाली. "आंधळ्याचाही नेम कधीतरी लागतो." आणि तिने दुसरी नळी भरली.

नव्व्याण्णव पूर्णांक आठ.

तिसरी नळी तिने न बोलता भरली. चौथीही. आता ती यंत्रासाठी मोजत नव्हती, हे मॉर्व्हनला कळत होतं. तोवर मॉर्व्हनने खिशातला नोंदीचा कागद टेबलावर पसरला. दुसऱ्या चौकटीतली खूण खोडली आणि खाली लिहायला घेतलं, की दुसऱ्यांदा गाळलेलं नाही, खूण खोटी आहे, ही चूक माझी आहे, हॉस्पिटलमधल्या मोजमापात कुणाच्याही हाताचा दोष नाही, मेची कुपी आजपासून कुणीही वापरू नये. याची एक प्रत साहेबाला, एक डॉक्टरीणबाईंना, एक लॅकलनला. पुढे तिच्या नोकरीचं काय होईल, याचा विचार तिने केला आणि बाजूला ठेवला. नाव लिहिताना पेन तीनदा घसरलं.

"साहेब अर्ज परत देतील?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक. क्रेगला काय परत पाठवणार? केकही सांगून झालाय." सेंगा चौथा आकडा बघत होती. शंभर पूर्णांक एक. तिने तो वहीत उतरवला आणि पेन्सिल ठेवून दिली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिला काही गरज वाटली नाही. मग तिची नजर मॉर्व्हनच्या सहीवर गेली.

"हे काय गं? कोंबडीने लिहिलंय का? हात बघ कसा थरथरतोय तुझा."

मॉर्व्हनने हात मागे घेतला.

"आणि हा बघ," सेंगा म्हणाली, आणि तिने आपला उजवा हात तिच्यासमोर टेबलावर, हवेत, सरळ धरला. दोघी त्या हाताकडे बघत राहिल्या. तो जराही हलत नव्हता.